पाचव्या जागेवरचा बिल्ला

उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये माझा कॉम्प्युटरचा क्लास आहे. खाली जीन्स शिवायचा कारखाना, वर आम्ही. खालची मशिनं एकदम सुरू झाली की आमची टेबलं थरथरतात आणि नवी पोरं दचकून माउसवरचा हात काढतात. ती जरा रुळली की मी त्यांना टास्कबार शिकवते. स्क्रीनच्या कडेला जी पट्टी असते तिच्यावर आपल्या रोजच्या वेबसाइट कशा आणून बसवायच्या, म्हणजे दरवेळी शोधत बसावं लागत नाही, एवढाच तो धडा. पोरं तेवढ्यात मोबाइल बघून घेतात. त्यांचंही बरोबर आहे. सगळं बोटाखाली आपोआप येतं अशा काळात जन्मलेल्यांना हे काय शिकवायचं? पण या धड्याला मला खानविलकर काका आठवतात. मग मी तो उगाच लांबवते, दोनदा सांगते, फळ्यावर चौकोन काढून दाखवते.

काका माझे विद्यार्थी, आणि त्याआधी शेजारी. बदलापूरला आमची दारं समोरासमोर. गेल्या वर्षी ते गेले. आता त्यांच्या घरात एक नवीन जोडपं भाड्याने राहतं. त्यातली मुलगी परवा मला विचारत होती, "ताई, किचनच्या भिंतीला आम्ही दोन हात रंग दिला, तरी आतून झाऱ्याचा आकार कसा काय दिसतो हो?"

मी म्हटलं, "तिसरा हात देऊन बघ." खरं कारण सांगत बसले असते तर तिचं दूध उतू गेलं असतं.

खरं कारण असं, की त्या भिंतीवर झारा टांगलेला असायचा, आणि झाऱ्याच्या मागे ऑइलपेंटने काढलेली झाऱ्याची आकृती. शेजारी पळी आणि पळीची आकृती. मग सांडशी, किसणी, कात्री. काकू होत्या तेव्हा आल्यागेल्याला सांगायच्या, "बघायला आले तेव्हा म्हणाले, मी कंपनीत चित्रंही काढतो. मला वाटलं, चला, कलाकार माणूस मिळाला. आणि काढलं काय तर माझा झारा!"

काका अंबरनाथच्या एका कारखान्यात टूल स्टोअरचे इन्चार्ज होते. टूल स्टोअर म्हणजे काय, हे मला त्यांनीच समजावलं. भिंतभर लाकडी फळा. फळ्यावर प्रत्येक हत्याराची रंगाने काढलेली आकृती आणि तिच्यावर खिळ्याला ते हत्यार. पाना उचलला की मागे पान्याची पांढरी सावली राहणार. कामगाराने हत्यार न्यायचं तर स्वतःच्या नंबरचा पितळी बिल्ला त्या खिळ्याला अडकवून जायचं. हत्यार परत आलं, तपासून झालं, की स्टोअरवाला बिल्ला काढून ज्याचा त्याला देणार. म्हणजे वस्तू जमा झाली.

"फळ्याकडे नुसती नजर टाकली की कळतं, काय घरात आहे, काय बाहेर आहे आणि कोणाकडे आहे," काका म्हणायचे. "बाहेर असणं वेगळं, वैशाली, आणि हरवणं वेगळं. खिळ्याला बिल्ला असेल तर वस्तू बाहेर आहे. बिल्ला नसेल तर हरवली. बिल्ला न लावता नेणारा माणूस माझ्या डोक्यात जायचा. चोर परवडला. चोराला निदान आपण चोरी करतोय हे माहीत असतं."

त्यांचा स्वतःचा बिल्लाही घरात होता. दाराशेजारी किल्ल्यांच्या खिळ्याला लटकलेला, वर ४१७ कोरलेलं. निवृत्त होताना कंपनीने घड्याळ दिलं, ते त्यांनी कपाटात टाकलं. बिल्ला मात्र मागून घेतला.

माणूस दिसायला बेताचा. ठेंगणा, अर्ध्या बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. दुधाची पिशवी आणायलाही पेन लावून जायचे. बोलण्यात कुणाबद्दल वाईटसाईट नाही, पण वस्तू जागेवर नसली की आवाज चढायचा. लिफ्टचं दार कुणी उघडं टाकलं की तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जायचं.

काकू गेल्या आणि घर एकदम गप्प झालं. भिंत तशीच राहिली. झारा टांगलेलाच दिसायचा, कारण तळणारं कोणी नव्हतं. संध्याकाळी त्यांच्याकडून टीव्हीचा आवाज यायचा तोही बंद झाला. मी विचारलं तर म्हणाले, "टीव्ही दोघांनी बघायचा असतो गं. एक जण बघतो, दुसरा नावं ठेवतो. एकट्याने दोन्ही कामं कशी करायची?"

त्याच महिन्यात ते माझ्या क्लासला आले. पहिल्या बाकावर बसले, पेन काढलं. आणि क्लासच्या उंबऱ्याच्या आत पाय पडल्यापासून मला 'मॅडम' आणि 'तुम्ही'. क्लास सुटून बाहेर आलो की पुन्हा 'वैशाली' आणि 'तू'. आम्ही एकाच गाडीने बदलापूरला यायचो. तिथे शंका विचारायला बंदी होती, त्यांनीच घातलेली. मीच धड्याचं काही काढलं तर म्हणायचे, "स्टोअर बंद झालं. उद्या खिडकीवर ये."

कॉम्प्युटर घ्यायला मी त्यांना हरेशभाईंकडे नेलं. उल्हासनगरात जुने-नवे पार्ट जोडून मशीन बनवून देण्यात त्या सिंधी माणसाचा हात धरणारा कोणी नाही, आणि गिऱ्हाइकाला भलतंच काही गळ्यात मारण्यातही नाही. त्याने काकांपुढे लॅपटॉप उघडला.

"साईं, ये ले जाओ. बेड पे बैठो, सोफे पे बैठो, गोद में रखो और चलाओ."

"गोद में मेरेको कुछ नहीं रखने का," काका म्हणाले. "टेबल पे रखनेवाला दो. एक बार रखा तो अपनी जगह से हिलना नहीं चाहिए."

हरेशभाई माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, ये अंकल को कॉम्प्युटर नहीं, तिजोरी चाहिए." काकांनी तोवर कीबोर्डचं एकेक बटण दाबून बघायला सुरुवात केली होती. सगळी बटणं दाबून होईपर्यंत हरेशभाईने आम्हाला दोनदा चहा पाजला.

वेबसाइटचं मात्र त्यांना जमेना. म्हणजे जमायचं, पण शोधायचा त्यांना संताप यायचा. "रोज लागणारी वस्तू रोज शोधायची? मग माझ्या एवढ्या वर्षांच्या नोकरीचा उपयोग काय?" म्हणून मग मी त्यांना तो टास्कबारचा धडा दिला. त्या दिवशी काय झालं ते मला आजही स्पष्ट आठवतं. मी एक वेबसाइट उचलून पट्टीवर बसवली, दुसरी बसवली, आणि सांगितलं, "काका, खिडकीचं चित्र असलेलं हे बटण दाबून धरायचं आणि एकचा आकडा दाबायचा, की पहिली जागा उघडते. दोन दाबलं की दुसरी. माउसला हातही लावायला नको." काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाले, "मॅडम, हा फळाच आहे की."

त्यांनी ती पट्टी खालून काढून स्क्रीनच्या डाव्या कडेला उभी केली. फळा भिंतीला उभाच असतो, आडवा नसतो. आणि तिच्यावर काय कुठे बसणार याचा विचार त्यांनी आठवडाभर केला. सगळ्यात वर पेपर. दुसरं बारवी धरण. धरणात पाणी किती साठलं ते सांगणारं एक पान त्यांना सापडलं होतं. पावसाळ्यात ते रोज सकाळी जिन्यात उभं राहून अख्ख्या बिल्डिंगला त्याची बातमी द्यायचे. बारवी भरलं त्या दिवशी वरच्या मजल्यावरच्यांना त्यांनी पेढा दिला, जसं काही स्वतः बादलीने भरलं होतं. तिसऱ्या जागेवर लाइट बिल, चौथ्यावर शब्दकोडं. पाचवी जागा कोणाची ते सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही. सहाव्या जागेवर हवामान होतं, पण ते बदलापूरचं नव्हतं. ते कॅनडातल्या एका गावाचं होतं, त्यामुळे त्या जागेचं कोडं मला लगेच सुटलं. तिथे त्यांचा मुलगा होता.

पाचवीचं कळलं ते एका सकाळी. मी डब्याची पोळी लाटत होते, दारावर थापा पडल्या. काका उभे, शर्टाला पेन नाही. मी घाबरलेच.

"वैशाली, सगळं सरकलं."

"काय सरकलं?"

"लाइट बिल आता मी मोबाइलवरच भरतो. म्हणून तेवढं एक काढलं. एकच. तर खालचे सगळे वर सरकले! पाच दाबलं तर सहा उघडतंय. अगं, फळ्यावरचा पाना काढला म्हणून शेजारची पक्कड कधी सरकते का?"

मी हसत हसत त्यांच्याकडे गेले. पण ते हसण्यासारख्या अवस्थेत नव्हतेच. समोर त्या परक्या गावाचं हवामान उघडलेलं होतं, आणि काका त्याच्याकडे असं बघत होते, की जणू चुकीच्या घराची बेल वाजवली. मी लाइट बिल होतं तिथे परत बसवलं. भरायचं नसलं तरी बसवलं, जागा धरायला. मग त्यांनी डावा अंगठा खिडकीच्या बटणावर ठेवला, पहिलं बोट ताणून पाचवर नेलं, आणि ते पान उघडलं.

टोमॅटोच्या रोपाचा फोटो. खाली मराठीत चार ओळी, आणि वर नाव, निशांत खानविलकर.

"त्याचंच आहे," काका म्हणाले. "बागेबद्दल लिहितो. मला एका रविवारी नाव टाकून शोधता शोधता सापडलं."

निशांतबद्दल मला थोडंफार माहीत होतं. शिकला, गेला, तिकडचाच झाला. भांडण वगैरे काही नाही. काका एकदा म्हणालेही होते, "भांडण असतं तर मिटवता तरी आलं असतं." दिवाळीला फोन यायचा, वाढदिवसाला यायचा. फोन काका टेबलावर ठेवून स्पीकरवर टाकायचे, त्यामुळे आमच्या दारापर्यंत ऐकू यायचा. "ठीक?" "ठीक. तिकडे?" "इकडेही ठीक. गोळ्या घेता ना?" "घेतो." तेवढ्यात संपायचा.

पण त्या पाचव्या जागेवरचा निशांत वेगळाच होता. तो लिहायचा, की यंदा थंडी लांबली आणि घराच्या खिडकीत रोपं ठेवायला जागा उरली नाही. शेजारच्या म्हाताऱ्याने त्याला खत कसं कुजवायचं ते शिकवलं. आईच्या हातची टोमॅटोची चटणी करून बघितली, जमली नाही, तिने काय घातलं असायचं कोण जाणे. हे वाक्य काकांनी मला वाचून दाखवलं आणि म्हणाले, "तीळ घालायची. भाजलेले." सांगितलं मला. ज्याला सांगायचं तो लांब होता.

मग काकांनी गॅलरीत टोमॅटो लावले. निशांतने तिकडे बी टाकलं की यांनी इकडे टाकायचं. तिकडे थंडी संपून बी टाकतात तेव्हा बदलापूरला ऊन असं तापलेलं असतं, की गॅलरीच्या कठड्याला हात लावता येत नाही. रोपं यायची, चार पानं धरायची आणि माना टाकायची. मी म्हटलं, "काका, आपल्याकडे हा सीझन नाही. पावसानंतर लावा, भरपूर येतील."

"पावसानंतर लावून काय करू? तेव्हा त्याचे संपलेले असतात."

पाठोपाठ दोन-तीन उन्हाळे त्यांनी ती रोपं लावली आणि एकदाही एक टोमॅटो खाल्ला नाही. पण बोलताना मात्र, "आज आमच्याकडे पहिलं फळ धरलं," असं सांगायचे. 'आमच्याकडे' म्हणजे कुठे, हे मला कळायचं, दूधवाल्याला नाही कळायचं. एकदा भर मे महिन्यात त्यांनी त्याला सांगितलं, "आमच्याकडे काल बर्फ पडला." दूधवाल्याने मला हळूच विचारलं, "मॅडम, अंकल बरे आहेत ना?"

मी एकदा सरळ विचारलं, "तुम्ही त्याचं सगळं वाचता हे सांगत का नाही त्याला?"

"सांगितलं की तो मी वाचतोय म्हणून लिहायला लागेल. मग तिथेही 'ठीक, तिकडे?' एवढंच उरेल." मग म्हणाले, "आता तो जसा आहे तसा दिसतो. कशाला हात लावू?"

मला तेव्हा ते पटलं होतं. असल्या गोष्टी ऐकताना पटतात.

मग एका दिवाळीच्या आधी ते पान उघडेनासं झालं. काकांना वाटलं नेट गेलं. मग वाटलं मशीन बिघडलं. हरेशभाईला फोन केला, तो म्हणाला, "साईं, मेरा मशीन नहीं बिगडता, दुनिया बिगडती है." काका रोज सकाळी अंगठा आणि बोट ठेवून बघायचे. पान सापडत नाही, असं स्क्रीनवर यायचं. ते "बरं" म्हणायचे आणि बंद करायचे.

दिवाळीला मी फराळाचं ताट घेऊन गेले तेव्हा नेमका निशांतचा फोन चालू होता, नेहमीसारखा टेबलावर. ठीक-ठीक झालं, गोळ्या झाल्या. काकांनी खुर्ची पुढे ओढली आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "टोमॅटो काय म्हणतायत?"

मग निशांत म्हणाला, "टोमॅटो? तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणीतरी म्हणालं. तू काही लिहितोस म्हणे."

"ते होय! ते बंद केलं मी, बाबा. बागही काढली यंदा. साइटचं काय, उगाच चालू ठेवली होती. कोणी वाचतच नव्हतं हो. एक माणूस एक कमेंट टाकेल तर शपथ. मग वाटलं, आपण कोणासाठी लिहितोय?"

काकांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता सांगतील. त्यांचा हात फोनकडे गेलासुद्धा. पण निशांत म्हणाला, "बरं बाबा, मीटिंग आहे, ठेवतो," आणि फोन बंद झाला. मी ताट ठेवून निघाले. काका ताटाकडे बघत होते आणि त्यांना ताट दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते आमच्याकडे आले, हातात पितळी बिल्ला. "याचा फोटो काढ. आणि ते पाचव्या जागेचं चित्र काढून हा बसव. येतं ना तसं करता?"

येतं. कुठल्याही शॉर्टकटला आपल्याला हवं ते चित्र लावता येतं. मी फोटो काढला, गोल कापला, लहान केला आणि बसवला. त्या उभ्या पट्टीवर, शब्दकोडं आणि हवामान यांच्या मधे, पिवळा ४१७ चमकायला लागला. दाबला तर पान सापडत नाही असंच यायचं, पण दिसायला छान दिसत होता. मी म्हटलं, "पण काका, बिल्ला तर ज्याने वस्तू नेली त्याचा लावतात ना? हा तुमचा आहे."

"मग? मीच नेली."

मला काही समजलं नाही.

"रोज नेत होतो, वैशाली. त्याच्या फळ्यावरून रोज सकाळी उचलत होतो. आणि बिल्ला लावला नाही. एक ओळ टाकायची होती, 'वाचलं, बाबा.' एवढं केलं असतं तर त्याला फळ्याकडे बघून कळलं असतं, की वस्तू कोणाकडे तरी आहे. त्याला वाटलं हरवली. म्हणून त्याने फळाच काढून टाकला."

आयुष्यभर ज्या गोष्टीसाठी त्यांनी लोकांना झापलं, तीच त्यांच्या हातून झाली होती, आणि ती त्यांना दुसऱ्या कुणी दाखवून दिली नव्हती. मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, "मग आत्ता लावा फोन. आत्ता सांगा."

"फोनवर नको. फोन 'ठीक'चा आहे. त्यात हे मावणार नाही." त्यांनी पट्टीवरच्या बिल्ल्यावरून बोट फिरवलं. "तो येईल कधीतरी. बसेल इथे. बिल्ला दिसला की माणूस विचारतोच, हा कोणाचा, इथे कसा. विचारलं की सांगीन."

आणि निशांत खरंच आला. पुढच्या थंडीत, थोड्या दिवसांसाठी. काकांनी आधी टेबल पुसलं, मॉनिटर पुसला, खुर्चीवर नवी गादी घातली. त्या दिवसांत कॉम्प्युटर सकाळी चालू व्हायचा तो झोपेपर्यंत चालूच. स्क्रीन काळी पडू नये म्हणून काय करायचं ते मला विचारून गेले. येणाऱ्याजाणाऱ्याला तो पिवळा ठिपका दारातून दिसायचा.

मला त्या मुलाबद्दल वाईट लिहायचं नाही. चांगला होता. वडिलांसाठी मनगटी घड्याळ आणलं होतं, माणूस पडला तर आपोआप फोन लावणारं. डॉक्टरांकडे घेऊन गेला, गीझर बदलला, मला "ताई, तुम्ही आहात म्हणून मला काळजी नाही" असं म्हणाला. बाकीचा वेळ आतल्या खोलीत लॅपटॉप लावून काम करायचा, कारण त्याची रजा अर्धीच होती. तो आत बोलत असला की काका बाहेर चपलाही न वाजवता फिरायचे. मी गेले की ओठांवर बोट ठेवायचे. "मीटिंग चालू आहे त्याची."

"बसला का इथे?" मी खुणेनेच विचारायची. ते मान हलवायचे. नाही.

बसला तो जायच्या दिवशी. लॅपटॉप बॅगेत गेला होता, मोबाइलवर विमानाचं चेक-इन होत नव्हतं. मी वाटेत खायला थालीपीठं करून घेऊन गेले होते, तर निशांत काकांच्या खुर्चीवर बसलेला आणि काका त्याच्या मागे, खुर्चीच्या पाठीला धरून उभे. त्यांनी माझ्याकडे बघितलं. परीक्षेचा निकाल लागायच्या आधी मुलं बघतात तसं बघितलं.

निशांतचं चेक-इन झालं. तो बंद करता करता थांबला.

"बाबा, हे काय? अहो किती शॉर्टकट लावलेत! आणि हा काय, तुमचा कंपनीचा बिल्ला ना? कसला भारी!"

"हो," काका म्हणाले. "माझाच."

त्याने त्यावर क्लिक केलं. पान उघडलं. सापडत नाही, असं आलं. वर बारीक अक्षरांत त्या साइटचा पत्ता होता, त्यात निशांतचंच नाव होतं. पण तेवढ्यात टॅक्सीवाल्याचा फोन आला आणि निशांतची मान मोबाइलकडे वळली. "हां भाई, नीचेही रुको, पाच मिनट." मग त्याने परत स्क्रीनकडे बघितलं, ते वर नाही, मधेच.

"हे ओपनच होत नाही. डेड लिंक आहे, बाबा. काढून टाकतो, नाहीतर तुम्ही उगाच क्लिक करत बसाल."

मी बोलणार होते. खरंच बोलणार होते. काकांनी खुर्चीवरचा एक हात उचलून मला थांबवलं आणि म्हणाले, "काढ."

त्याने काढला. हवामान एक घर वर सरकलं.

खाली टॅक्सीपाशी निशांत त्यांच्या पाया पडला, दोघांनी एकमेकांच्या खांद्यावर थोपटलं, टॅक्सी गेली. आम्ही वर आलो. मला त्या मुलाचा राग आला होता, आणि राग यावा असं त्याने काहीच केलेलं नव्हतं, त्यामुळे तो राग कुठे ठेवावा तेही कळत नव्हतं. मी म्हटलं, "काका, बिल्ल्याचं चित्र आहे माझ्याकडे. आत्ता बसवून देते परत."

"नको."

"अहो पण..."

"नको म्हटलं ना. नियम काय आहे? ज्याचं स्टोअर, त्याने स्वतःच्या हाताने बिल्ला काढला, म्हणजे वस्तू जमा झाली. आता परत लावला तर ते खोटं होईल."

हे त्यांनी इन्चार्जच्या आवाजात सांगितलं. वस्तू तपासल्याशिवाय जमा होत नाही, हेही त्यांनीच मला शिकवलेलं होतं. ते त्यांना आठवत नव्हतं असं मी मानायला तयार नाही. माझा थालीपीठांचा डबा तसाच टेबलावर राहिला होता, निशांत न्यायला विसरला होता. काकांनी तो उघडला आणि म्हणाले, "ये, खाऊ. गार होतील." आम्ही दोघांनी ती थालीपीठं उभ्याउभ्याच खाल्ली.

त्यानंतरही ते बरेच महिने होते. धरणाच्या बातम्या देत होते, लिफ्टच्या दारावरून ओरडत होते. उन्हाळा आला तेव्हा गॅलरीत टोमॅटो लावले नाहीत. पण मला ते आठवतात ते निशांत गेला त्याच्या दुसऱ्या सकाळचे.

मी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं. समोरचं दार सताड उघडं होतं. काका खुर्चीवर पाठमोरे बसले होते. डावा अंगठा खिडकीच्या बटणावर, पहिलं बोट ताणून पाचवर. सवयीने दाबलं असणार. हवामान उघडलं. त्या लांबच्या गावात बर्फाचं चित्र होतं.

"अजून पोचला नसेल," ते म्हणाले. मी आले हे त्यांना कळलं नव्हतं, ते मला म्हणाले नव्हते. "उतरेल तेव्हा गार असेल. स्वेटर वरच ठेवलाय का बॅगेत, विचारायचं राहिलं."

त्यांनी ते बंद केलं. मग अंगठा आणि बोट परत त्याच जागी नेलं, आणि पुन्हा दाबलं.